सरकारची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर पाटावर नवी वही मांडतात. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक असते, वर ‘श्री’ लिहिलेला असतो, आणि समोर समई तेवत असते. पुढे वर्षभर त्या वहीत काय काय लिहिले जाईल ते देवालाच ठाऊक. पण निदान त्या एका संध्याकाळी ती घरच्या सर्वांसमोर, उजेडात, उघडी असते. पोरेटोरेही तिला हात जोडतात.

आपल्या सर्वांच्या आयुष्यात आणखी एक वही आहे. कोणत्याही पेढीच्या वहीपेक्षा ती जाड, आणि बहुतेक पेढ्यांपेक्षा जुनी. आपल्या आजोबांचे नाव तिच्यात आहे. विहिरीत आपला हिस्सा किती, शेतावर कोणत्या सोसायटीचा बोजा, यंदा रानात ज्वारी होती की कांदा, हे सारे तिच्यात आहे. घरात मृत्यू झाला की तिच्यात एक नाव कमी होते आणि वारसांची नावे चढतात, म्हणजे चढायला हवीत. ही सरकारची वही. तिची पूजा कोणी करीत नाही. खरे सांगायचे तर शेकडो वर्षे ती सामान्य माणसाला नीट पाहायलाही मिळाली नाही.

अलीकडे ही वही संगणकात गेली आहे. खिशातल्या टेलिफोनवर बोट फिरवले की सातबाराचा उतारा दिसतो, आणि सरकार कसे पारदर्शक व चपळ झाले याची भाषणे आपण ऐकतो. त्या भाषणांत खोटे काही नाही. पण ती ऐकताना असे वाटू लागते की वही उघडण्याचा प्रश्न यंत्र आले तेव्हा उभा राहिला आणि यंत्रानेच तो सोडवला. प्रश्न फार जुना आहे. वही लिहायची कोणी, ठेवायची कोठे आणि वाचू द्यायची कोणाला, या तीन गोष्टींवरून आपल्याकडे राज्यांची भलीबुरी ओळख ठरत आली. या प्रश्नाचा इतिहास एकाच ठिकाणी उभा राहून पाहायचा असेल, तर नगर जिल्ह्यासारखी जागा नाही.

नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर आहे. ज्यांच्या नावाने ते झाले त्या अहिल्याबाई होळकर १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चोंडी गावी जन्मल्या. जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार आणि चौदा तालुके. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याला भाताची खाचरे, कोपरगाव-श्रीरामपूरकडे कालव्याचा ऊस, आणि पारनेर, कर्जत, जामखेडकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेली ज्वारी. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या निरनिराळ्या मुलखाची वही लिहिणे हे कोणत्याही राज्याच्या कारभाराची परीक्षा पाहणारेच काम.

मलिक अहमद निजामशहाने १४९० साली सीना नदीच्या काठी हे शहर वसवले. पण वहीच्या दृष्टीने या राज्यातला मोठा माणूस सव्वाशे वर्षांनी झाला. त्याचे नाव मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताकरविता झाला आणि १६२६ साली मरेपर्यंत त्याने मोगलांना दक्षिणेत स्वस्थ बसू दिले नाही. लढायांची वर्णने इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहेत. रयतेच्या तोंडी मात्र पुढे पिढ्यानपिढ्या राहिला तो ‘मलिकंबरी धारा’. त्याच्या आधी गावाचा वसूल इजाऱ्याने देण्याची रीत होती. जो अधिक बोली बोलेल त्याच्या पदरात गाव टाकायचा आणि मग त्याने रयतेला किती पिळले याची चौकशी करायची नाही. अंबराने ही रीत मोडली. जमिनीची प्रत पाहून सरकारचा हिस्सा ठरवला आणि पुढे तो रोखीत बांधून दिला. आपल्याला किती द्यायचे आहे हा आकडा देणाऱ्याला आधी कळू लागला. खुल्या कारभाराची पहिली पायरी एवढीच असते, आणि ती चढायला यंत्र लागत नाही.

आकडा कळला, पण वही दिसली असे नव्हे. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे. लिपी मोडी, लेखणी बोरूची, आणि अक्षर असे की दुसऱ्या गावच्या कुलकर्ण्यालाही अडखळावे लागे. कित्येक कुलकर्णी सचोटीचे होते. दुष्काळात गावाची बाजू सरकारात मांडणारेही होते. तरी गोष्ट उरतेच की सारे गाव ज्या कागदावर उभे होते, तो कागद एका घरात होता आणि एकाच घराला वाचता येत होता. बाकीच्यांना त्याच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, त्यात अक्षरशत्रू शेतकरी आणि लेखणीवाला कामगार यांच्यातल्या या नात्यावरच त्यांचा सारा रोख आहे.

१८०३ च्या ऑगस्टात नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. एल्फिन्स्टनने येथे कॅप्टन हेन्री पॉटिंजर याला कलेक्टर नेमले. हाच पॉटिंजर पुढे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. नव्या राज्याला वहीचा मोठा सोस होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोठ्या विद्वत्तेने जमिनीची मोजणी केली. पण हाताखालच्या लोकांनी लाच घेऊन खोटी मापे लिहिली, साहेबांनी त्यावरून अचूक गणिते केली, आणि आकार असा भारी बसला की लोक शेते टाकून गेले. खोट्या आकड्यावर खरे गणित केले तर उत्तर खोटेच येते, हा धडा आपल्या मुलखाला संगणक येण्याआधी दीडशे वर्षे मिळालेला आहे.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरापासून नव्याने आरंभ केला, आणि तीच पद्धत पुढे नगर जिल्ह्यात आणि सबंध दख्खनमध्ये आली. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढ्या जागेचा गुंठा, आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. आज गुंठ्याचा भाव विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांना आपण त्या जुन्या साखळीची लांबी-रुंदी बोलत आहोत हे ठाऊक नसते. शेताला नंबर मिळाला, बांधाला दगड मिळाला, आकार तीस वर्षांसाठी ठरला. वही आता खरोखर चांगली झाली होती.

पण चांगली वही आणि उघडी वही या दोन निराळ्या वस्तू आहेत. हे कळायला १८७५ साल उजाडावे लागले.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांचा करार संपून काही तालुक्यांत आकार वाढला. शेतकरी सावकाराच्या दारी गेला आणि कागदावर अंगठा उठवून आला. कागदात काय लिहिले होते? त्याला ठाऊक नव्हते. घेतले किती, फेडले किती, व्याज किती, हे सावकाराच्या वहीला ठाऊक. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे पहिला भडका उडाला. हे सुपे पारनेर तालुक्यातले नव्हे, पुणे जिल्ह्याच्या भीमथडीतले. पण आग नगरकडे यायला वेळ लागला नाही. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतली गावे उठली.

या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, आणि त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. लोकांना सोनेनाणे नको होते. त्यांना हवे होते कर्जरोखे. ‘कागद टाक’ एवढीच मागणी. जेथे सावकाराने निमूटपणे कागद दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि कागदांची चौकात होळी झाली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी वाचता न येणारा कागद जाळला. अपराध तो अपराधच, पण त्यातले गाऱ्हाणे न कळण्यासारखे नव्हते.

इंग्रज सरकारलाही ते कळले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, आणि तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू केला. त्यातली कलमे आज वाचली तर नवल वाटते. शेतकऱ्याचा दस्त गावाच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा. फेडलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क असावा. वर्षाकाठी हिशेबाची नक्कल मिळावी, आणि त्याने मागितले तर पासबुक भरून द्यावे. बँकेच्या पासबुकावर आज आपण सहज नजर टाकतो. आपल्या हिशेबाची नक्कल आपल्या हाती असावी, हा हक्क पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांना मिळण्यासाठी आधी चौकाचौकांत कागद जळावे लागले.

सावकाराच्या वहीचा असा बंदोबस्त होत होता, तेव्हा सरकारच्या स्वतःच्या वहीचे काय? सरकारला आकार भरणारा माहीत होता. खरा हक्क कोणाचा हे माहीत नव्हते. म्हणून मुंबई सरकारने १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा केला. पुढे अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावदप्तराचे नमुने बांधून दिले, एकपासून एकवीसपर्यंत. त्यांतला सातवा नमुना हक्काचा आणि बारावा पिकाचा. दोन्ही एकाच कागदावर आले आणि मराठी भाषेला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला. नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खाते. घरात बारसे झाले की पत्रिका, लग्न ठरले की याद्या, आणि वाटण्या झाल्या की सातबारा! कुणब्याच्या संसारात ही कागदपत्रे इतकी मुरली की ‘त्याचा सातबारा कोरा आहे’ हे वाक्य माणसाच्या सुखाचे वर्णन झाले.

या व्यवस्थेत एक फार शहाणपणाची गोष्ट होती. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठ्याने तो फेरफाराच्या वहीत लिहायचा, त्याची नक्कल चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध असेल त्यांना नोटीस द्यायची, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ही वाट तशीच राहिली. त्याच्या जोडीला चावडीवाचन. गावकरी जमलेले, तलाठी एकेक गट, एकेक नाव मोठ्याने वाचतो आहे, आणि कोणी म्हातारा मागून म्हणतो, ‘थांबा भाऊसाहेब, त्या नंबरात आमच्या चुलत्याचा हिस्सा राहिला.’ ज्याला अक्षर येत नाही त्याला कान असतो. मोठ्याने वाचलेली वही निरक्षरालाही वाचता येते. खुल्या कारभाराचे याहून सोपे साधन अजून कोणी शोधून काढलेले नाही.

अर्थात सगळीकडे वाचन झाले, वेळेवर झाले आणि खरे झाले असे कोण म्हणेल? १९५१ साली कुलकर्णी वतन संपले, पगारी तलाठी आला, मोडी जाऊन बाळबोध आली. दप्तर मात्र वाढतच गेले. तालुक्याच्या कचेरीत कागदांवर कागद चढले. ‘तुमचे प्रकरण सापडत नाही’ या वाक्याला कायद्यात कोठेही उत्तर नव्हते.

येथे नगर जिल्हा पुन्हा पुढे आला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीत जे केले ते ऐकायला फार साधे आहे. त्यांनी कागद लावले. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता तीस वर्षे, कोणता थोडी वर्षे आणि कोणता वर्षभराने नष्ट करायचा, अशी अ, ब, क, ड ही प्रतवारी नियमांच्या पुस्तकात होतीच. ती पुस्तकातून काढून कपाटात आणली. प्रत्येक कारकुनाच्या मेजावरचे काम गठ्ठ्यांत वाटले: आज करायचे, उत्तराची वाट पाहायचे, ठराविक मुदतीने पाठवायचे, कायम आदेशांचे, अभिलेखात धाडायचे आणि रद्दीचे. कोणाचे काम कोणते हे लिहून ठेवले. बसण्याची व्यवस्था अशी केली की आलेल्या माणसाला कोणाकडे जायचे हे कळावे. महाराष्ट्रभर हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजला, आणि सहा गठ्ठ्यांची पद्धत आजही सरकारी कचेऱ्यांत शिकवली जाते.

आपल्या आयाबायांना यात नवल वाटणार नाही. दिवाळीच्या आधी माळा काढून, डबे पुसून, जुने मोडके मोडीत घालणे हे तर घरोघर चालते. पण सरकारच्या घरी ही साफसफाई म्हणजे क्रांती होती. कागद सापडू लागला की माणसाला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. पुढे जो संगणक आला, त्याच्यासाठी ओटा या सफाईने सारवून ठेवला. गठ्ठ्यांत गोंधळ असताना यंत्र आणले असते, तर गोंधळच अधिक वेगाने धावला असता.

कागद लागला; आता तो मागण्याचा हक्क हवा होता. या जिल्ह्याने दुष्काळ पुष्कळ पाहिले. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर हजारो बाया-माणसांनी खडी फोडली, नालाबांध घातले. त्यांची मजुरी हजेरीपटावर अवलंबून. हजेरीपटात खोटी नावे असली तर? रस्ता कागदावर झाला आणि जमिनीवर झाला नाही तर? मागायला गेले की उत्तर ठरलेले: कागद गोपनीय आहे.

हेच दुखणे राजस्थानातल्या मजुरांचेही होते, आणि त्यांनी जो उपाय केला तो आपल्या चावडीवाचनाचा सख्खा भाऊ शोभतो. मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना येथे जनसुनावणी भरवली आणि सरकारी कामाचे हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले. या कामावर आपण कधी गेलोच नव्हतो, असे लोक उभे राहून सांगू लागले. पुन्हा तेच: वही वाचली, आणि कान खरे-खोटे ओळखू लागले.

महाराष्ट्रात ही मागणी नगर जिल्ह्यातून जोराने उठली. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी अनेक वर्षे आंदोलन चालवले. राज्याने २००० साली एक कायदा केला, तो फारच लंगडा निघाला. मग नवा मसुदा, अध्यादेश, २००३ च्या ऑगस्टात मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. हा कायदा २००२ च्या सप्टेंबरपासून लागू धरला गेला. १२ ऑक्टोबर २००५ पासून सबंध देशाला माहितीचा अधिकार मिळाला. दहा रुपये भरून अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर मिळावे. आणि चौथ्या कलमात तर म्हटले आहे की कचेऱ्यांनी आपले कागद सूचीबद्ध करावेत, जमेल तसे संगणकात घालावेत, आणि माहिती न मागताच जाहीर करावी. लखिनांचे गठ्ठे, मजुरांचे हजेरीपट आणि नवे यंत्र ही तिन्ही एका कलमात येऊन भेटली. ज्या पारनेर तालुक्यात १८७५ साली लोकांनी कागद जाळला, त्याच तालुक्यातून सव्वाशे वर्षांनी लोकांनी कागद वाचायला मागितला. मधल्या काळात आपण काय कमावले, याचे हे मोजमाप आहे.

यंत्र तोवर दाराशी आलेच होते. जमिनीच्या नोंदी संगणकात घालण्याचा केंद्र सरकारचा प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ या योजनेत सुमारे दोन कोटी उतारे संगणकात घातले. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला, आणि हाताने लिहिलेला उतारा बाद ठरला. महाराष्ट्रात हे काम रेंगाळत, ठेचकाळत पुढे गेले. शेवटी १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तलाठ्याचा शिक्का नको, कचेरीत हेलपाटा नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीही शेतकऱ्याने स्वतः, बांधावर उभे राहून, टेलिफोनने छायाचित्र काढून नोंदवावी अशी सोय झाली. वही लिहिण्याचे थोडे काम प्रथमच वहीच्या मालकाकडे आले.

याचा लाभ मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पूर्वी एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडत असे. भाऊसाहेब बाहेरगावी, चावी शिपायाकडे, शिपाई जत्रेला. आता हे पुष्कळ कमी झाले. आता सांगतात, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ जत्रेला गेलेला शिपाई निदान संध्याकाळी परत येई!

पण विनोद सोडून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाताने लिहिलेले लाखो उतारे संगणकात उतरवताना चुका झाल्या. कोठे नावाचे अक्षर बदलले, कोठे हेक्टर-आरचा हिशेब चुकला, कोठे इतर हक्कातली एक ओळ गळाली. कागदावरच्या चुकीकडे माणूस संशयाने पाहतो. छापील, सहीच्या उताऱ्यातली चूक खऱ्यासारखी दिसते. ती दुरुस्त करायला महसूल संहितेचे कलम १५५ आहे, तहसीलदाराकडे अर्ज आहे, पण आधी चूक दिसायला तर हवी. मग सरकारने ती शोधायला काय केले? २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर संगणकातल्या सातबारांचे चावडीवाचन लावले. देशातली नवी नवी यंत्रे एका बाजूला, आणि त्यांनी लिहिलेली वही तपासायला पुन्हा गावाच्या पारावर जुना मोठा आवाज आणि म्हाताऱ्याचे कान! जो उपाय गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक होता, त्यावाचून यंत्राचेही अडले.

आता फेरफाराच्या नोटिसाही ‘आपली चावडी’ या नावाने पडद्यावर लागतात. नाव फार चांगले निवडले आहे. फरक एवढाच की जुन्या चावडीवर काय लागले ते पाण्याला जाताना कोणीतरी सांगत असे. पडद्यावरची नोटीस आपण होऊन पाहावी लागते. पंधरा दिवस तेथेही पंधराच असतात. न पाहिलेली उघडी वही आणि रुमालात बांधलेली वही यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

वही गावाने खरोखर वाचली तर काय होते, हे पाहायचे असेल तर नगर तालुक्यातच हिवरेबाजार आहे. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. पुढे गावाने पावसाचे माप घ्यायला आरंभ केला. किती पडला, किती मुरला, प्यायला किती लागेल, शेतीला किती उरेल, हा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिके नाहीत. आकडा सर्वांनी मिळून ऐकलेला असतो, म्हणून तो सर्वांना बांधतो. हिवरेबाजारचे हिरवेपण पाहायला लोक लांबून येतात. त्या हिरवेपणाच्या मुळाशी एक जाहीर वाचलेला हिशेब आहे.

मलिक अंबराने आकडा आधी सांगितला, विंगेटने शेत मोजले, १८७९ च्या कायद्याने पासबुक दिले, लखिनांनी गठ्ठे लावले, २००५ च्या कायद्याने मागण्याचा हक्क दिला, आणि यंत्राने दप्तर खिशात आणून ठेवले. चारशे वर्षांत सरकारने वही आपल्या उंबऱ्यापर्यंत आणली आहे. उंबऱ्याच्या आत ती आपणच न्यायची आहे.

दिवाळीत सारे घर एकत्र असते. शहरातले थोरले गावी आलेले असतात, म्हातारी माणसे माजघरात असतात, आणि टेलिफोनवर झरझर बोटे फिरवणारी नातवंडे तर हवी तेवढी. त्यांतल्या एखाद्याने आपला सातबारा आणि आठ-अ काढावा आणि फराळ झाल्यावर सर्वांना ऐकू जाईल असा वाचावा. आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झाली, त्यांचे नाव अजून तसेच आहे का? फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरला का? विहिरीचा हिस्सा बरोबर आहे का? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारले तर त्याच्या डोक्यात एक संपूर्ण चावडी भरलेली आढळेल.

आणि हे वाचन भाऊबीजेपर्यंत लांबवता आले तर फारच उत्तम. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी अजून कित्येक घरांत हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते, आणि कागदात काय आहे ते तिला कोणी वाचून दाखवत नाही. १८७५ साली शेतकऱ्याने ज्या कागदावर अंगठा उठवला, त्याच जातीचा हा कागद. भाऊबीजेला ती घरी आलेली असते. तिच्यासमोर उतारा वाचावा. तिचे नाव त्यात असेल तर आनंदच आहे. नसेल, तर का नाही, हे तिला विचारता यावे, आणि भावाला तिच्या डोळ्यांकडे पाहून सांगता यावे.